एकवर ठेवलेला आवाज

६ नोव्हेंबर २०२५, गुरुवार

घेतलं मला. लीड गिटारवर. कोरसमध्ये नाही, कीबोर्डवाल्याच्या मागे उभं राहून डोलायला नाही. लीड.

ऑर्केस्ट्रावाल्या कमलेशभाईंचा फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये एका आजोबांच्या दंडाला पट्टा बांधत होते. फोन वाजतच राहिला. आजोबा म्हणाले, "घे की बाई, माझं रक्त कुठे पळून चाललंय?" नाही घेतला. आधी नस, मग फोन. नंतर जिन्यात जाऊन उलटा लावला आणि ठेवल्यावर अशी ओरडले की रिसेप्शनवरची मुलगी धावत आली.

ही वही कधीची कोरी पडून होती. आजपासून लिहिणार. कमलेश म्युझिकल नाइटमध्ये अंबरनाथच्या बुवापाड्याची प्रीती लीड वाजवते, याची कुठेतरी नोंद पाहिजे.

ऑडिशन परवा झाली. उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये कमलेशभाईंचं कापडाचं दुकान आहे, त्याच्या माळ्यावर. खाली गिऱ्हाइकं, म्हणून गिटारला छोटा अँप, तो आवाज वाढवणारा डबा, आणि आवाज जेमतेम. मला काय, सवयच आहे. घरी माझ्या अँपचं बटण सात वर्षांत एकच्या पुढे गेलेलं नाही. भिंतीला भिंत लागून घरं, कोणी आजारी, कोणाची परीक्षा. आणि पप्पा. त्यांना कंपनीत कायम रात्रपाळी, दिवसा झोपायचे. रिटायर होऊन तीन वर्षं झाली, तरी मी दुपारी गिटार काढली की ते भिंतीकडे तोंड करून आडवे होतात. मग मी एकवर. आणि एकवर स्वतःला ऐकू यायचं तर तार जोरात मारावी लागते. मी मारते. कमलेशभाई म्हणाले, "बेटा, हाथ में दम है." देवदत्तचा हात फार मऊ होता म्हणे. देवदत्त म्हणजे त्यांचा आधीचा गिटारवाला. पुण्याला नोकरी लागली म्हणून सोडून गेला.

आई म्हणाली, "हॉलात सगळ्यांसमोर उभी राहणार. लोक काय म्हणतील?"

म्हटलं, "वन्स मोअर म्हणतील."

१७ नोव्हेंबर, सोमवार

काल लिहायची ताकद नव्हती.

बदलापूरला लग्नाचं रिसेप्शन होतं. स्टेजवर माझ्यामागे अँप ठेवला होता, माझ्या कमरेएवढा. महेंद्रने बटण सहावर नेलं. महेंद्र म्हणजे साउंडवाला, हॉलच्या दुसऱ्या टोकाला आवाजाच्या बटणांच्या बोर्डपाशी बसतो. पहिली तार मारली आणि मीच दचकले. एवढा मोठा आवाज माझ्या हातातून कधी निघालाच नव्हता.

मग सगळं हातातून गेलं. एक तार वाजवली की बाजूच्या दोन आपोआप घोंघावतात. बोट सरकवलं की पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं. घरी यातलं काही ऐकूच येत नाही. घाबरले की माझा हात जड होतो, तसा झाला. जेवढं जोरात मारलं तेवढं वाईट वाटत गेलं. मधे थांबले तर अँपने शिट्टी मारली, लांबच लांब, थांबेचना. नवरीच्या आजीने दोन्ही कानांवर हात ठेवले. एका काकांनी जेवणाची प्लेट तशीच हातात धरून मागे वळून माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही.

कमलेशभाईंनी खुणेने पुढचं गाणं सुरू करायला लावलं. नंतर फक्त, "पहिल्यांदा होतं बेटा. मी काहीतरी करतो."

घरी विचारलं तर सांगितलं, मस्त झालं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

कमलेशभाईंचा फोन. "तुझं सगळं सेटिंग करून ठेवलंय. आता मागे तो मोठा अँप नाही, तुझ्यासमोर मॉनिटर स्पीकर ठेवतो. त्यात तुला तुझं मस्त ऐकू येईल. तू बिनधास्त मार. और थोडा स्माइल कर यार."

किती चांगला माणूस आहे. दुसऱ्याने दुसऱ्याच दिवशी हाकललं असतं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

जमलं!

काल उल्हासनगरला एका वाढदिवसाचा प्रोग्रॅम. मी ठरवूनच गेले होते की हात आखडायचा नाही. घरी मारते तशीच मारली, दणकून. एक शिट्टी नाही. घोंघाट नाही. मधल्या तुकड्यात दांडीवरची एक पट्टी चुकले असं मला वाटलं, पण कोणाला कळलंही नाही. एक बाई खास स्टेजजवळ आल्या. म्हणाल्या, "बेटी, अगदी कॅसेटमध्ये आहे तसंच्या तसं वाजवलंस!"

म्हणजे माझी पद्धत बरोबर होती. दोष त्या अँपचा होता. कोणी काही म्हणो, जोर पाहिजेच.

एकच खटकलं. निघताना महेंद्रला म्हटलं, "आज कसं झालं?" तर तो वायर गुंडाळत राहिला. वर बघितलंही नाही. बाईने गिटार वाजवलेली खपत नसेल. असे खूप बघितलेत.

७ डिसेंबर, रविवार

चार प्रोग्रॅम झाले, चारही सुपरहिट. नव्या बॅनरवर माझा फोटो गायिका चैत्रालीताईंच्या फोटोएवढाच आहे. लॅबमध्ये एक मुलगा रक्त द्यायला आला आणि सुईऐवजी माझ्याकडे बघून म्हणाला, "तुम्ही त्या गिटारवाल्या ना?" बुवापाड्यात तर पोरी माझ्यासारखा पट्टा लावून झाडू वाजवतात.

दुपारी थोडा रियाज केला. पप्पा नेहमीसारखे भिंतीकडे तोंड करून. पायाचा अंगठा सारखा हलत होता. डास फार झालेत, कॉइल आणायला हवी.

महेंद्र अजून तसाच. काल मला पाणी आणून दिलं आणि बाटली ठेवून पळाला.

१४ डिसेंबर, रविवार

आजचं आजच लिहिणार.

अंबरनाथ पूर्वेला हॉलमध्ये साखरपुडा होता, दुपारचा. तिसरं गाणं. माझा तुकडा यायला एक ओळ बाकी असताना बोटांतून तार छेडायचं प्लास्टिकचं पिक निसटलं. खाली वाकले, उचलायला. आणि मी खाली वाकलेली असताना माझी गिटार वाजायला लागली.

मी वाजवत नव्हते. माझा उजवा हात कार्पेटवर होता. वर हॉलमध्ये पूर्ण तुकडा वाजला, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, कॅसेटसारखा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उभी राहिले आणि, हे लिहायची लाज वाटते, मी हसले. स्माइल केलं. पुढची चार गाणी मी बंद गिटारवर हात मारत राहिले.

समोरच्या स्पीकरमध्ये फक्त मला मी ऐकू येत होते. हॉलला मी ऐकूच जात नव्हते. तीन आठवडे.

१५ डिसेंबर, सोमवार

लॅबमधून सरळ कॅम्प एक. कमलेशभाई गादीवर बसून कापड मोजत होते.

मी म्हटलं, "माझा आवाज बंद ठेवता तुम्ही."

त्यांनी मीटरपट्टी खाली ठेवली. खोटं बोलले नाहीत, हे मान्य करते. म्हणाले, "बस आधी. चाय घे."

"चहा नको. हो की नाही?"

"हो. लॅपटॉपवर रेकॉर्ड केलेला ट्रॅक आहे, त्यात गिटार आहे. बदलापूरला काय झालं ते तू बघितलंस. वीस वर्षं लोक मला विश्वासाने बोलावतात. त्यांच्या मुलीच्या रिसेप्शनला मी शिट्ट्या वाजवू?"

"मग मला काढायचं होतं."

"का काढू? तू स्टेजवर दिसतेस. लेडी गिटारिस्ट. लोक व्हिडिओ काढतात. साईं, पब्लिकला दोन गोष्टी पाहिजेत. गाणं ओळखीचं पाहिजे आणि समोर बघायला कोणीतरी पाहिजे. दोन्ही मिळतंय. तुझं काय बिघडतं?"

"मी वाजवते. मी दुकानातला पुतळा नाही, साडी नेसवून काचेत उभा करायला."

ते हसले. वाईट नाही, दमल्यासारखे. "बरं, उद्या ट्रॅक बंद करतो. तू वाजवशील? सच बोल."

बदलापूरची ती शिट्टी कानात वाजली. म्हणूनच जास्त राग आला. म्हटलं, "वाजवायला लागले की येईन. तोपर्यंत तुमच्या बॅनरवरून माझा फोटो काढा."

१७ डिसेंबर, बुधवार

महेंद्रचा फोन. मी उचलणार नव्हते.

म्हणाला, "ताई, तुमचं बटण मीच खाली ओढायचो. प्रत्येक प्रोग्रॅमला. कमलेशभाईंनी सांगितलं म्हणून, पण हात माझा होता."

म्हणजे म्हणून तो वर बघत नव्हता. आणि मी काय काय समजले होते.

मग म्हणाला की बाहेर आवाज जात नसला तरी बोर्डमध्ये माझी लाइन रेकॉर्ड होत होती. सगळे प्रोग्रॅम त्याच्याकडे आहेत. "ऐकायचंय का? ऐकू नका असं पण वाटतं."

ऐकलं. लॅबच्या जिन्यात बसून, हेडफोनवर, पूर्ण आवाजात.

मी वाईट वाजवते. हे मी इथे स्वच्छ लिहून ठेवते. प्रत्येक सुराआधी पिकचा फटका ऐकू येतो, दगडावर काठी आपटल्यासारखा. डाव्या हाताने तार इतकी दाबते की सूर वर चढतो, जवळजवळ प्रत्येक सूर. ज्या तारा वाजायला नकोत त्या सगळ्या वाजतात. सात वर्षं मी एकवर वाजवलं आणि एकवर हे काहीच ऐकू येत नाही. माझ्या चुका माझ्याच हळू आवाजाखाली लपून बसल्या होत्या.

रडले नाही. दुपारचे नऊ पेशंट होते.

१९ डिसेंबर, शुक्रवार

महेंद्रला म्हटलं, मला मोठ्या आवाजात वाजवायला जागा पाहिजे. लपून नको, कोणाची परवानगी मागत नको. तो म्हणाला, बदलापूरच्या पुढे त्याच्या गावाला आत्याची भाताची गिरणी आहे. चार वर्षं बंद. गावापासून लांब, शेतात. हॉलमधला तो मोठा अँप त्याचा स्वतःचा आहे, तो नेऊन ठेवतो.

आई म्हणाली, "कोणाच्या कुठल्या गिरणीत जाणार तू?"

पप्पा भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले, "जाऊ दे तिला."

२१ डिसेंबर, रविवार

गिरणीत अजून कोंड्याचा वास आहे. पत्र्याचं छप्पर, मातीची जमीन, मधोमध गंजलेलं मशीन. आत्याबाईंचं नाव रखमाबाई. सत्तरीच्या असतील. दारात पोतं टाकून वालाच्या शेंगा सोलत बसल्या. "वाजव पोरी. हितं म्हशीबिगर कोन नाय."

बटण सहावर नेलं. पहिल्या तारेला छपराचा पत्रा थरथरला. रखमाबाईंनी शेंग खाली ठेवली, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा उचलली.

चार तास. काहीच नीट वाजलं नाही. पण एक गोष्ट कळली. आवाज मोठा असला की तार न मारताही गिटार बोलत असते. नुसतं बोट टेकवलं, उचललं, पट्टा हलला, तरी बोलते. मला वाटायचं वाजवणं म्हणजे आवाज काढणं. इथे आवाज आधीच भरून उभा आहे, दारात लोटलेल्या गर्दीसारखा. माझं काम एकेकाला आत सोडायचं.

निघताना रखमाबाई म्हणाल्या, "लई बडबडतंय गो तुझं यंत्र."

२८ डिसेंबर, रविवार

आज नियम केला. एकेक सूर. सूर लावायचा आणि बाकी पाच तारा गप्प ठेवायच्या. खालच्या दोन उजव्या तळव्याच्या कडेने, वरच्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटाच्या पोटाने. वाजवणारं बोट एकच, राखण करणारी चार. तासाभरात मनगट भरून आलं.

दुपारी थकून हात सैल पडला आणि त्याच सैल हाताने तार नुसती शिवली. सूर इतका गोल आणि मोठा आला की मी मागे वळून बघितलं, दुसरं कोणी वाजवलं का म्हणून. न मारता. दाबायचीही गरज नाही, पट्टीला जेमतेम टेकली तरी पुरते. आणि दाबली नाही की सूर चढत नाही.

मला स्वतःचा राग आला. लॅबमध्ये रोज चाळीस लोकांच्या हातात मी सुई घालते. सुई जोराने घातली तर नस फुटते, हे नवीन पोरींना मीच शिकवते. आणि सात वर्षं हाच हात घेऊन घरी येऊन मी तारा झोडत होते.

४ जानेवारी २०२६, रविवार

आज सगळं परत बिघडलं. आठवडाभर घरी एकवर वाजवलं की हात पुन्हा जड होतो. दोन तास तर नुसती शिट्टीशी मारामारी. तीनदा वाटलं, अँपला लाथ घालावी. एकदा घातली. पायाच्या तळव्याला लागलंय.

११ जानेवारी, रविवार

शिट्टीचं गणित थोडं कळलं. अँपकडे तोंड करून उभी राहिले की ती येते. अर्धं पाऊल वळलं, तारांवर तळवा ठेवला की जाते. आणि ती यायच्या जरा आधी सूर फुलतो, लांबतो, मी सोडला तरी मरत नाही. घरी सूर लगेच मरायचा म्हणून मी तीच तार परत परत कुटायचे. इथे एकदाच लावायचा आणि धरून ठेवायचा. आज एक सूर मी पूर्ण ओळभर धरला. बोट किंचित हलवत राहिले, तो गात राहिला. शिट्टीच्या काठावर उभा, पण पडला नाही.

घरी पप्पांनी अचानक विचारलं, "त्या रमाईच्या गाण्यात मधे तू एक मुरकी घ्यायचीस, ती सोडलीस का?"

खरंच सोडली, दोन महिने झाले. त्यांना कोणी सांगितलं कोण जाणे.

१८ जानेवारी, रविवार

महेंद्र आज गिरणीच्या दुसऱ्या टोकाला पोत्यांवर बसला आणि सांगत राहिला. "तिसरा सूर चढला." "आता पिक ऐकू आलं." "इथे श्वास सोडा." गोड बोलत नाही, हे बरं आहे. गिटारवरचंच छोटं बटण कसं फिरवायचं ते त्याने दाखवलं. गाणाऱ्याच्या मागे असताना पाचवर, आपला तुकडा आला की दहावर, अँपकडे जायचंच नाही.

पूर्ण गाणं एकदा वाजवलं. संपल्यावर रखमाबाई दारातून म्हणाल्या, "आता मधी मधी गप ऱ्हाया शिकली बरं का ही."

यापेक्षा मोठी शाबासकी मला आजवर कोणी दिलेली नाही.

२५ जानेवारी, रविवार

कमलेशभाईंचा फोन. सात फेब्रुवारीला रमाई जयंती, आमच्याच बुवापाड्यात, विहारासमोरच्या मैदानात. मंडळाने त्यांचा ऑर्केस्ट्रा ठरवलाय आणि अट घातलीय की आपली प्रीती पाहिजे.

"येते," मी म्हटलं. "पण माझं बटण वर राहील. मागे मोठा अँप. लॅपटॉपमध्ये माझी गिटार नाही."

"बेटा, घरचं पब्लिक आहे तुझं. उलटं झालं तर तोंड लपवायला जागा राहणार नाही. मी तुझ्या भल्यासाठी..."

"घरचं आहे म्हणूनच. तिथे मी खोटं वाजवणार नाही."

मग म्हणाले, "ठीक आहे. ओपन ठेवतो."

माणूस शेवटी ऐकतो, बोलावं लागतं फक्त.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

पोस्टर लागलीत. माझं नाव मोठ्या अक्षरात. लॅबमध्ये आज पहिल्यांदा एका बाईंची नस मला दोनदा शोधावी लागली. माफी मागितली.

पप्पा सकाळपासून पांढरा शर्ट इस्त्री करतायत. एकच शर्ट. तीनदा केली.

८ फेब्रुवारी, रविवार

कालचं जसं झालं तसं लिहिते.

संध्याकाळी सात वाजता मैदान भरलं होतं. पुढे पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका, त्यांच्या मागे खुर्च्या, मुलं सगळीकडे. आई दुसऱ्या रांगेत, पप्पा तिच्याशेजारी. अँप माझ्यामागे होता, पाचवर. समोर मॉनिटरही होता. कमलेशभाईंनी अंगठा वर करून दाखवला, "सब ओपन है." पण ते स्टेजवर थांबले नाहीत. मैदानाच्या टोकाला बोर्डजवळ, महेंद्रच्या अगदी खांद्याशी जाऊन उभे राहिले. तसे ते कधी राहत नाहीत. मला वाटलं, काळजी वाटत असेल.

पहिली दोन गाणी मागे मागे वाजवली. तिसरं रमाईचं. चैत्रालीताईंनी दोन कडवी म्हटली, मग माझा तुकडा. हात हलका ठेवला. पहिली ओळ, दुसरी. तिसऱ्या ओळीनंतर मी थांबते, तळवा तारांवर ठेवून, एक पूर्ण श्वास. गिरणीत शंभर वेळा केलेलं.

मी थांबले. माझा अँप गप्प, समोरचा स्पीकर गप्प. आणि मैदानावरच्या मोठ्या कर्ण्यांतून गिटार चालूच.

माझ्या श्वासात दुसराच कोणीतरी बोलत होता. दोन महिन्यांपूर्वी मला हे कळलंही नसतं, तेव्हा मी थांबतच नव्हते.

विचार केला असं म्हणता येणार नाही. उजवा हात वर केला. मग डावा. गिटार पट्ट्याला लटकत राहिली. दोन्ही हात डोक्याच्या वर, पोलिसांनी पकडल्यासारखे, आणि गिटार वाजतच होती, गोड, बिनचूक.

आधी पुढच्या मुली हसल्या. त्यांना वाटलं गंमत आहे. मग कोणीतरी म्हणालं, "अगं, ही वाजवतच नाहीये!" हसू मागे मागे पसरत गेलं आणि मग थांबलं. चैत्रालीताईंनी पुढचं कडवं उचललंच नाही. ढोलकीवाल्याने हात काढला. कमलेशभाई लांबून जोरजोरात हातवारे करत होते, चालू ठेवा, चालू ठेवा.

मी माइकपाशी गेले. आवाज चिरका निघाला. "ही मी नाही. हा कॉम्प्युटर आहे. माझी गिटार बंद ठेवलीय, नोव्हेंबरपासून, मी वाजवलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला. पहिल्यांदा मला माहीत नव्हतं. नंतर कळलं, तरी एक दिवस मी तशीच हसत उभी राहिले. आज राहणार नाही. मला वाजवू द्या. वाईट वाजवलं तर तोंडावर सांगा."

ती गिटार मात्र निर्लज्जासारखी चालू.

मग खट्. बंद झाली. महेंद्रने लॅपटॉपची वायर उपटली होती. कमलेशभाई त्याच्या कानाशी ओरडत होते, आणि त्याने माझं बटण वर ढकललं आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहिला.

पहिला सूर मी रागात लावला. जोरात. जुना हात. सूर चढला, मागून शिट्टी सुरू झाली, बायकांनी कानावर हात ठेवले. बदलापूर. तेच बदलापूर. अर्धं पाऊल वळले. तळवा टेकवला. शिट्टी मेली. मी तिथेच थांबले, मैदानभर शांतता असताना, आणि श्वास घेतला. मग तार नुसती शिवली.

तो सूर विहाराच्या भिंतीपर्यंत जाऊन परत आला. मी त्याला धरून ठेवला. पुढचा आत सोडला. पुढचा. मुरकी घेतली. दुसऱ्या ओळीत एक पट्टी चुकले, सगळ्यांना ऐकू गेलं, पुढे गेले. ढोलकी हळूच आत आली. मग ताई. कॅसेटसारखं मुळीच नव्हतं. जिथे मी थांबले तिथे सगळं मैदान थांबलं.

संपल्यावर टाळ्या पडल्या, पुष्कळ. पप्पांनी वाजवल्या नाहीत. दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसले होते आणि डोळे सारखे पुसत होते. मैदानात धूळ फारच होती.

कमलेशभाई स्टेजमागे भेटले. चेहरा लाल. "वीस वर्षांची इज्जत दोन मिनिटांत. तुला परत बोलावणार नाही. त्या महेंद्रला पण नाही."

"तुम्ही मला शब्द दिला होता," मी म्हटलं.

ते पाठ फिरवून निघून गेले. महेंद्र वायर गुंडाळत होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "तिसरा सूर आज बरोबर लागला."

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी लॅबमध्ये फोन. कमलेशभाई.

आधी पाच मिनिटं शिव्या, सिंधीत. ते झाल्यावर म्हणाले, बदलापूरच्या एका मंडळाचा फोन आला होता. कोणीतरी व्हिडिओ टाकलाय. त्यांना हात वर करणारी मुलगी पाहिजे. "ते पण सेम करायचं. आधी ट्रॅक चालू, तू हात वर, ट्रॅक बंद, मग तुझं. लोकांना तो आयटम फार आवडला."

"तो आयटम नव्हता."

"आता आहे ना."

"नाही. लॅपटॉप दुकानात ठेवून यायचं. बोर्डवर महेंद्र बसेल. मागे मोठा अँप, आवाज किती तो मी ठरवीन. हात खालीच असतील, वाजवायला लागतात."

मागे दुकानात कोणीतरी कापड फाडल्याचा आवाज आला.

"और शिट्टी वाजली तर? रिसेप्शनसारखी?"

"वाजली तर माझी वाजेल."

"सोच के बताता हूँ," म्हणाले आणि फोन ठेवला.

विचार करू देत. बाहेर अकरा पेशंट बसले होते. मी हात धुतले आणि पुढच्याला आत बोलावलं.